दत्ता, नवीन चष्मा कपाटात ठेवू नको

प्रिय दत्ता,

वहिनींचा फोन आलता. म्हणाल्या, भाऊजी, तुमच्या मित्रानं नवा चष्मा कपाटात ठेवलाय अन् जुनाच लावून शाळेत जायलेत, विचारलं की म्हणतेत नंबर चुकलाय, चालताना जमीन हलतीय. फोनवर तू ऐकून घेणार नाहीस म्हणून लिहायलोय.

तुझ्या नंबराच्या कार्डाचा फोटो बघितला मी. लांबचा नंबर आहे तोच आहे, जवळचा फक्त दीडचा सव्वादोन झालाय, तो होणारच की, डोळ्यातलं भिंग चाळिशीनंतर कडक होत जातं, साठीच्या आसपास बहुतेकांचा अडीचपर्यंत जातो अन् मग फारसा वाढत नाही. मग जुन्या प्रोग्रेसिव्हची, म्हणजे एकाच काचेत लांबचं अन् जवळचं दोन्ही दिसणाऱ्या चष्म्याची, सवय असून आता जमीन का हलायली? तर त्या काचेत स्पष्ट दिसायचा भाग डमरूसारखा असतो, वर लांबचं, खाली जवळचं अन् मधी चिंचोळा पट्टा, ज्यात नंबर हळूहळू चढतो. तेवढ्याच उंचीत आधी दीड चढायचा, आता सव्वादोन चढायलाय, म्हणजे दीडपट चढण. अन् चढण वाढली की दोन्ही बाजूंचा धूसरपणा वाढतोच, तो कुठल्याच कंपनीला काढता येत नाही, फक्त इकडंतिकडं पसरवता येतो. हे लेन्स फ्रान्समध्ये 1959 ला पहिल्यांदा बाजारात आले, तेव्हापासनं सगळी कारागिरी त्या पसरवण्यातच चाललीय. महाग काच घेतली की हे होणार नाही असं कुणी सांगितलं तर हो म्हण अन् सोडून दे.

आता सवयीचं. सकाळी उठल्याबरोबर नवाच लाव, दिवसभर तोच, मधीच जुना लावलास की मेंदू परत पहिल्या पाढ्यापासनं सुरू करतो. कुणाचं दोन दिवसात बसतं, कुणाला दोन आठवडे लागतात. बाजूला बघायचं असलं तर डोळे नको फिरवू, मान फिरव, नाक जिकडं नजर तिकडं. हजेरीपट वाचताना मात्र उलटं, मान सरळ ठेव अन् डोळे खाली घे. जिना उतरताना हनुवटी छातीकडं घेऊन वरच्या भागातून पायरी बघ, नाहीतर वाचायच्या नंबरातून बघशील अन् पायरी वर आल्यागत वाटंल. सवय बसस्तोवर गाडी चालवू नको.

पण एक सांगतो, माझ्या चष्म्याच्या दुकानात बसून सांगायलोय. "सवय होईल" हे आमच्या धंद्यातलं लई सोयीचं वाक्य आहे, अन् बऱ्याचदा त्याच्याआड मापातली चूक लपते. चालताना हलतंय, कडेला धूसर दिसतंय, हे सवयीनं जातं. पण वाचायला हनुवटी वर करावी लागत असंल तर काच खाली बसलीय, फळा बघायला मान खाली घालावी लागत असंल तर वर बसलीय, अन् पुस्तक एका बाजूला सरकवलं तरच नीट दिसत असंल तर बुबुळांचं अंतर चुकलंय. एकेक डोळा झाकून बघ, एकाच डोळ्याला त्रास असंल तर तेही वेगळं प्रकरण. ह्याची सवय करून घ्यायची नसते, दुकानात जाऊन भांडायचं असतं. त्याच्या आधी फ्रेम नाकावरून घसरत नाही ना बघ, दोनचार मिलीमीटर घसरली तरी सगळा हिशोब बिघडतो, नाकावर टेकणारे नोजपॅड दाबून घेतले की निम्मी तक्रार तिथंच मिटते.

अजून एक गंमत करून बघ. ट्यूबलाइटखाली काच तिरकी धर अन् तिच्यावर तोंडाची वाफ सोड. दोन बारीक खुणा दिसतील, एकमेकींपासनं 34 मिलीमीटरवर, कानाकडच्या खुणेखाली जवळचा नंबर कोरलेला असतो, 22 नाहीतर 225 असा कायतरी. कार्डावर सव्वादोन अन् काचेवर भलतंच असंल तर सरळ बिल घेऊन जा. तसंच जुनी काच कुठल्या डिझाइनची होती अन् तिचा पट्टा किती लांब होता ते त्यांना विचार, नवी फ्रेम बुटकी घेतली असशील तर पट्टा आखूड झाला असंल, मग त्रास दुप्पट. तुला बुटक्या फ्रेमची भारी हौस, म्हणून विचारायलोय.

अन् हो, शुगर तपासलीस का? ती वरखाली व्हायली की नंबर पण वरखाली होतो, मग काच कितीबी बरोबर असली तरी आज एक दिसतं अन् उद्या एक. नंबर काढला त्या आठवड्यात शुगर किती होती ते डॉक्टरला सांग.

येळवशीला, वेळा अमावस्येच्या सणाला, शेतात येशील तेव्हा धुऱ्यावरून अन् ढेकळातनं चालताना सांभाळून, तिथं लई हलतंय. आंबील पिऊन झाली की तुझी फ्रेम मी स्वतः बघतो. लातूरपर्यंत गाडी पोराला चालवू दे.

तुझा,
नंदू