चिंचोके देणाऱ्या आज्जी, तुमचे लई आभार

धारूरकडं जिल्हा परिषद शाळेवर पहिलीच नेमणूक, डोक्यात ज्ञानरचनावाद (म्हणजे पोरं स्वतःच्या अनुभवातून आपलं आपण शिकतात हा विचार), ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीत सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम अन् वर्गात मात्र नुसता फळा! आज्जी, तुम्ही पिशवीभर चिंचोके आणून दिले ना, त्याचे दहा-दहाचे ढीग करत पोरं एकक-दशक आपलं आपण शिकली, घोकंपट्टी न करता, एक पोरगी तर दुसरीला समजावून सांगू लागली तेव्हा डोळेच भरून आले माझे.

फरशीवर ऑइलपेंटनं अंक काढून देणारे दादा, तुम्ही पैसे घेतलेच नाहीत.

अन् दिवाळीनंतर ऊसतोडीला जाताना लेकरं शाळेसाठी गावातच ठेवून गेलेल्या मायबापांनो, तुमच्या भरवशावरच शिकवतोय. नावं टाकू नका म्हणलात म्हणून टाकत नाही, पण मनापासून थँक्यू.