बीजगणिताची सुरुवात 'क्ष'पासून नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बीजगणित जड जाते अशी मुलांची तक्रार आली की आपण लगेच 'क्ष'कडे बोट दाखवतो. पण बरीच वर्षे गणित शिकवल्यावर माझे मत असे झाले आहे की मूळ दुखणे त्याच्या कितीतरी आधी, 'बरोबर'च्या चिन्हापाशी आहे. प्राथमिक वर्गात ८ + ४ = ☐ + ५ हे उदाहरण घालून पाहावे. चौकटीत ७ लिहिणारी मुले थोडी. बरीचशी १२ लिहितात, तर काही दिसेल त्या संख्येची बेरीज करून १७. यात त्यांचा दोष नाही, कारण 'आता उत्तर लिहा' एवढाच त्या चिन्हाचा अर्थ त्यांनी आजवर पाहिलेला असतो. वेल्श गणितज्ञ रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये हे चिन्ह छापले तेव्हा दोन समांतर रेघा निवडल्या, त्या यांच्याइतक्या सारख्या दोन गोष्टी नाहीत म्हणून. हा सारखेपणा मनात रुजला नसेल, तर पुढे 'पलीकडे नेले की चिन्ह बदलते' हा नियम मंत्रासारखा नुसता पाठ होतो.

अक्षर न वापरताही बीजगणिती विचार शिकवता येतो. आगकाड्यांचे एकाला एक लागून चौरस मांडावेत: एकाला ४ काड्या, दोनांना ७, तीनांना १०. मग शंभर चौरसांना किती, असे विचारले की मोजत बसण्याची सोय उरत नाही आणि मूल रचनेकडे पाहू लागते. माझ्या वर्गात एकीने सांगितले, "पहिल्याला चार, मग प्रत्येकाला तीन." दुसरा म्हणाला, "सगळ्यांना तीनच, फक्त सुरुवातीची उभी काडी जास्तीची." तिसरीने वरच्या शंभर, खालच्या शंभर आणि उभ्या एकशेएक अशी वेगळीच फोड केली. तिन्ही वाटांनी ३०१. वाटा वेगळ्या असून उत्तर एकच कसे, यावर मुले आपसांत भांडू लागली, की चौरसांच्या संख्येला 'न' म्हणणे ही त्यांचीच गरज होते. (त्या तासाचा निम्मा वेळ काड्या गोळा करण्यात जातो, हेही कबूल करते.)

अक्षर आल्यावरही घोटाळा संपत नाही. 'विद्यार्थी शिक्षकांच्या सहापट आहेत' हे समीकरणात मांडायला सांगितले, तर मोठ्या वर्गातली मुलेसुद्धा वि = ६शि ऐवजी ६वि = शि असे लिहून मोकळी होतात; 'वि' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या नव्हे, तर विद्यार्थीच, असे ती वाचतात. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अव्यक्त राशीसाठी, म्हणजे माहीत नसलेल्या संख्येसाठी, 'यावत्तावत्', म्हणजे जितके असेल तितके, हे नाव वापरले होते. मुक्या 'क्ष'पेक्षा ते मला अधिक बोलके वाटते.

पाठ्यपुस्तके आणि प्रश्नपत्रिका तयार करणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे, की अगदी पहिली-दुसरीपासून रिकामी चौकट कधी डावीकडे, कधी मध्ये यावी आणि १२ = ☐ + ४ किंवा ७ = ७ हे लिहिलेले पाहून मुलाला काही चुकल्यासारखे वाटू नये. त्यासाठी अभ्यासक्रमात नवा धडा घालण्याचीही गरज नाही.

आपली,
एक गणित शिक्षिका