कपाळावरच्या राखेत प्लॅस्टिक

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाबद्दलचं, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांबद्दलचं, कालच्या अंकातलं पत्र वाचलं आणि रात्री नीट झोप लागली नाही. पत्रलेखकांचं म्हणणं असं की उपवास हा माणसाचा आणि देवाचा मामला आहे, त्यात झाडं, पाणी, प्लॅस्टिक आणून चर्चने फॅशन करू नये, ते महापालिकेचं काम. हे गृहस्थ माझेच धर्मबंधू, म्हणून जास्त लागलं. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी त्यांनीही कपाळावर राख घेतली असेल. ती राख कशी तयार होते ते त्यांनी एकदा येऊन पाहावं.

ही राख आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्यांची असते. वर्षभर त्या घरोघरी क्रुसामागे, नाहीतर येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे खोचलेल्या असतात. पावसाळ्यात वीज कडाडली की माझी आजी त्यातलाच एक तुकडा मोडून चुलीत टाकायची आणि आम्हा पोरांना गुडघ्यावर बसवायची. राखेचा बुधवार जवळ आला की लोक वाळलेल्या झावळ्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) आणून देतात. दारापाशी खोका ठेवलेला असतो. मागच्या अंगणात त्या लोखंडी घमेल्यात जाळायच्या, गार झाल्या की कुटायच्या आणि बारीक चाळणीने चाळायच्या. गेली अकरा वर्षं आमचे सॅक्रिस्टन (देवळाची देखभाल करणारे) आणि मी मिळून हे काम करतो.

यंदा काडी लावली आणि दोन मिनिटांत काळा धूर उठला. सुक्या झावळीचा धूर पांढरा, त्याला शेतातल्या गवतासारखा वास. हा धूर घशात बसला. सॅक्रिस्टनना आधीच दमा, ते खोकत बाजूला झाले. मी काठीने ढवळलं तर घमेल्याच्या तळाशी काळा चिकट गोळा, आणि काठी वर उचलली की त्याच्या तारा ओढल्या जात होत्या. झावळीचे क्रूस हल्ली बाहेर सजवून विकतात. त्यांना सॅटिनची रिबीन, सोनेरी चमकी, थर्माकोलचे मोती, वर पारदर्शक कागद आणि तो चिकटवायला टेप. लोक ते तसेच्या तसे खोक्यात टाकून गेले होते. वर्षभरात कुणी तो कागदही सोडला नव्हता.

पूर्ण घमेलं फेकून द्यावं लागलं. मग खोका जमिनीवर उपडा केला आणि आम्ही दोघं एकेक क्रूस हातात घेऊन रिबीन कापत, टेप नखाने खरवडत, टाचण्या उपसत बसलो. दोन तास गेले. निघालेल्या कचऱ्याने एक मोठी पिशवी भरली. मग उरलेल्या नुसत्या झावळ्या जाळल्या. आणि दुसऱ्या दिवशी तीच राख लावताना फादर एकेकाला म्हणत होते, तू माती आहेस आणि मातीला जाऊन मिळशील. मी रांगेत उभी होते. त्या पिशवीतलं काहीही मातीला मिळणार नाही, हे एकच मनात येत होतं.

हे मी धर्मग्राम परिषदेच्या, म्हणजे आमच्या देवळाच्या लोकांच्या समितीच्या, बैठकीत मांडलं. सजवलेले क्रूस आशीर्वादाला आणू नका, एवढं फक्त आधीच्या रविवारी मिस्सेत (देवळातल्या मुख्य उपासनेत) सांगा, अशी विनंती केली. एक सदस्य म्हणाले, लोकांची श्रद्धा आहे, आपण कोण बोलणारे? दुसरे म्हणाले, कचरा उचलायला महापालिका आहे. विषय तिथेच संपला. काल आपल्या दैनिकात तेच वाक्य छापलेलं पाहिलं आणि राहवलं नाही.

महापालिकेचं काम म्हणणाऱ्यांनी कलिन्यात राहून पाहावं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी आमच्या गावठाणात शिरली. पाणी ओसरल्यावर खिडकीच्या गजांत गुंडाळलेल्या पिशव्या मी हाताने सोडवल्या आहेत. 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तरी आमच्या नाल्यात आजही पिशव्या तरंगतात. कायदा महापालिकेने राबवावा, जरूर राबवावा. पण देवळाच्या दारात मी काय घेऊन येते, ते मलाच ठरवायचं असतं.

आणि फॅशन कसली? पोप फ्रान्सिस यांचं 'लाउदातो सी' हे सृष्टीची काळजी घ्या सांगणारं परिपत्रक 2015 मध्ये आलं. 2019 चा त्यांचा उपवासकाळाचा संदेश तर सृष्टीवरच होता. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की सृष्टी देवाच्या लेकरांची वाट पाहत आहे, तोच धागा त्यांनी घेतला होता. देवाचा पुत्र येशू चाळीस दिवस अरण्यात गेला तो त्या अरण्याची पुन्हा बाग व्हावी म्हणून, असं त्यात होतं. मी ते वाचलं तेव्हा आजी आठवली. उपवासकाळात ती नवं कापड घेत नसे, घरात लग्न काढू देत नसे, गुड फ्रायडेला सगळ्यांना पेज आणि चिमूटभर मीठ. 'पर्यावरण' हा शब्द तिने ऐकला नव्हता. पण त्या चाळीस दिवसांत आमच्या घरातून कचऱ्याची टोपली क्वचितच बाहेर जायची. आज आम्ही शुक्रवारी मटण नको म्हणून पापलेट आणि कोळंबी मागवतो, तीही प्लॅस्टिकच्या डब्यांतून, आणि उपवास पाळला म्हणतो. क्रुसाच्या वाटेवरही, म्हणजे येशूच्या मरणाचे प्रसंग आठवत चौदा स्थानांवर थांबत केलेल्या प्रार्थनेतही, तेच. गेल्या वर्षी बाराव्या स्थानाशी, जिथे क्रुसावरून 'मला तहान लागली आहे' हे शब्द आम्ही ऐकतो, तिथे रस्त्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पायाला लागत होत्या. प्रार्थना चालू असताना मी त्या उचलत होते. कुणी रागावलं नाही, पण कुणी वाकलंही नाही.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. दरवर्षी आमच्या नाक्यावर पुढारी मंडळींचे फ्लेक्स लागतात, 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा'. गेल्या वर्षी आपल्याही पानावर त्याच शब्दांत शुभेच्छा छापून आल्या होत्या. गुड फ्रायडे हा येशूच्या मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी देवळात मिस्सा होत नाही, वेदीवरचं कापडसुद्धा काढलेलं असतं. कुणाच्या घरी माणूस गेल्यावर आपण हार्दिक शुभेच्छा देतो का? शुभेच्छा ईस्टरला द्याव्यात, आम्ही आनंदाने घेऊ. आणि तो फ्लेक्स देवळासमोरच्या आंब्याला खिळे ठोकून बांधलेला असतो. ते खिळे ईस्टर होऊन गेला तरी तसेच राहतात. मागच्या वर्षी मी त्यातले चार उपटले.

झावळ्यांच्या रविवारी आमच्या देवळाबाहेर गोराईकडून एक मावशी टोपली घेऊन बसतात. परवा मुद्दाम त्यांना फोन करून विचारलं, रिबीन का लावता? म्हणाल्या, बाय, रिबीन लावली नाय तं कोनी हातात घेत नाय. रिबिनीचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो. आमच्या गल्लीतल्या बावीस घरांसाठी मी त्यांच्याकडे नुसत्या, हिरव्या, न सजवलेल्या झावळ्या सांगून ठेवल्या आहेत. कालच्या पत्रलेखकांना हवी असेल तर त्यांच्यासाठी तेविसावी सांगते. त्या रविवारच्या आधी आपण हे पत्र छापलंत, तर आणखी काही घरांपर्यंत पोहोचेल.

आपली नियमित वाचक,
कलिना, मुंबई
(नाव व पत्ता संपादकांकडे)