पिसारोचे चित्र वारसांना परत द्या

फ्रेंच चित्रकार कामिय पिसारोच्या, सध्या स्पेनमधील माद्रिदच्या थिसेन संग्रहालयात असलेल्या चित्रावर मूळ मालकिणीच्या वारसांनी हक्क सांगितला आहे. हा खटला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारासाठी खालच्या न्यायालयाकडे परत पाठवल्याचे वृत्त वाचले. निर्णय स्वागतार्ह आहे. पॅरिसचा पावसाने चिंब झालेला चौक, कारंजे, छत्र्यांची लगबग, घोडागाड्या. हॉटेलच्या खिडकीतून १८९७ साली रंगवलेले हे चित्र लिली कासिरर या ज्यू महिलेला नाझी राजवटीत, १९३९ मध्ये अवघ्या ९०० मार्कांना द्यावे लागले. त्याशिवाय जर्मनीबाहेर पडण्याची परवानगी मिळेना, आणि तेही पैसे गोठवलेल्या खात्यात! याला विक्री म्हणता येत नाही.

१९५८ मध्ये त्यांना भरपाई मिळाली हे खरे, पण त्यांनी मालकी हक्क सोडला नव्हता. १९९३ मध्ये स्पेनने हे चित्र असलेला थिसेन संग्रह विकत घेतला तेव्हा चित्राच्या पाठीवर कासिरर कुटुंबाच्या बर्लिनच्या कलादालनाच्या फाटक्या चिठ्ठीचा तुकडा होता. त्यावरून चौकशी करणे अवघड नव्हते. नाझींनी लुटलेल्या कलाकृतींबाबत न्याय्य तोडगा काढण्याची १९९८ ची वॉशिंग्टन तत्त्वे स्पेनलाही मान्य आहेत. मग माद्रिदच्या थिसेन संग्रहालयाने न्यायालयाची वाट का पाहावी? चित्र स्वतःहून परत करावे.

– एक वाचक, पुणे