सूप होतं

प्रिय सूप्या,

हे नाव शेवटचं लिहितोय. खोडून दुसरं लिहायला गेलो, तर सातवीच्या आधी मी तुला काय हाक मारायचो तेच आठवेना. एवढ्या पत्रापुरतं चालवून घे.

दोन वर्षांत एक ओळ लिहिली नाही मी. फोनवर आपण काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. ‘काय चाललंय’, ‘चाललंय’, ‘बोलू निवांत’. निवांत काही उगवलं नाही. तब्येत बरी. साखर हद्दीत. आईचा गुडघा बदलला, आता ती माझ्यापेक्षा भरभर चालते. झालं.

मुद्द्याचं सांगतो. सूप होतं.

उभा असशील तर बस. गेल्या आठवड्यात धाकटा तापानं घरी होता, मीही रजा टाकली. दुपारी त्याला काहीतरी दाखवायचं म्हणून ती हिमगौरीची जुनी डीव्हीडी काढली. तुला वेगळं सांगायला नको. भांडं चुलीवर रटरटतंय, हिमगौरी सातही बुटक्यांचे हात तपासते, काळे हात बघून त्यांना बाहेर पिटाळते. मग हौदापाशी तो सगळा गोंधळ, ग्रम्पीला धरून बुचकळणं, आणि डोपीच्या हातातून सटकलेला साबण थेट त्याच्या पोटात. आतून जेवायची हाक येते, सगळे आरडाओरडा करत धावतात. आणि पडद्यावर येते राणी. तिचं आरशाशी बोलणं, म्हातारीचं सोंग, सगळं यथासांग होतं. पुन्हा बुटक्यांच्या घरी यावं तर गाणं-बजावणं सुरू! वाटी नाही, चमचा नाही.

धाकटा म्हणाला, “बाबा, पण हे जेवले कधी?”

मी तो सिनेमा वीसेक वेळा पाहिला असेन. एकदाही हा प्रश्न पडला नव्हता. भुकेले सात जण हात धुऊन आत गेले आणि उपाशीच नाचले, यात मला काही खटकलं नव्हतं. खटकलं होतं ते ‘बुटके सूप पितात, मी बघितलंय’ हे तुझं सातवीतलं बोलणं.

मग त्याच डीव्हीडीवर जादाचं सामान असतं त्यात शोधलं, तर सिनेमातून कापलेलं दृश्य सापडलं. पांढऱ्यावर काळ्या रेषा, रंगाचा पत्ता नाही. रेष एका चित्रात जाड, पुढच्यात बारीक, त्यामुळे बुटके बसल्या जागी उकळताहेत असं वाटतं. सातही जण सूप भुरकताहेत, म्हणजे आवाज असा की धाकटा तापातसुद्धा खिदळला. हिमगौरी चमचा कसा धरायचा ते दाखवते, कुणी शिकत नाही. आणि शेवटी डोपी चमचा गिळतो. बाकीचे त्याला बदडतात, तर चमच्याबरोबर मघाचा साबणही बाहेर!

मी रिमोट खाली ठेवला. कारण हे सगळं मी ऐकलेलं होतं. पाण्याच्या टाकीजवळ, मधल्या सुट्टीत. तू चमचा सांगितला होतास, साबण सांगितला होतास. एवढंच नाही, “पेन्सिलीत होतं रे, रंगच दिला नव्हता” हेही सांगितलं होतंस. आणि नेमकं त्यावरच आम्ही लोळून हसलो होतो. ‘आम्ही’ कशाला, मी. “का रे, डबा संपला होता का रंगाचा?” हे वाक्य माझं. त्या वयात सुचलेलं सगळ्यात यशस्वी वाक्य. थाप मारणाऱ्याला पेन्सिल कशाला सुचेल, तो झकास रंगीतच थाप मारेल, एवढी अक्कल तीस पोरांत एकाला नव्हती.

तू पैज लावलीस आणि आपण सगळे सिनेमा बघायला बसलो. सूप आलं नाही. माझी जुनी सायकल-घंटी पणाला होती, तुझं तिकिटांचं पुस्तक. ते अजून माझ्याकडे आहे, हंगेरीचं त्रिकोणी तिकीटसुद्धा. (कॅरमचा स्ट्रायकर मात्र तूच घेतला आहेस, त्यावर मी आजही ठाम आहे. सगळीकडे माघार घेणार नाही.) तू म्हणालास, मामांच्या कॅसेटवर बघितलंय. ‘आण कॅसेट’ म्हटलं तर म्हणालास, आता तिच्यावर ताईचं लग्न आहे. त्यावर तर आम्ही आणखी हसलो. खरा पुरावा असाच जात असतो बहुतेक, कुणाच्या तरी वरातीखाली.

कॅसेटचं कोडंही आता थोडं उलगडतंय. डिस्नेनं स्वतःच १९५६ साली आपल्या टीव्हीवरच्या कार्यक्रमात हे दृश्य काढून दाखवलं होतं. ते कुणीतरी उतरवून घेतलेलं फिरत फिरत मामांकडे आलं असेल, नाहीतर आणखी कुठल्या वाटेनं. मामा असते तर विचारलं असतं.

चार रात्री मी हेच वाचत बसलोय. बायको म्हणते, एवढा अभ्यास तेव्हा केला असतास तर. ऐक. ते दृश्य करणारा चित्रकार वॉर्ड किंबॉल, विशीतला पोरगा. कित्येक महिने तो सात बुटक्यांचं भुरकणं काढत बसला होता. तुला गणित आवडायचं म्हणून सांगतो: पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला १४४०. एक चित्र दोन-दोन चौकटी चालवलं तरी एका पात्राची मिनिटाला ७२० चित्रं. आणि इथे टेबलाभोवती सात जण, आठवी ती! शिवाय प्रत्येकाचं भुरकणं निराळं. आधी हे सगळं पेन्सिलीत करायचं, त्याचं चाचणीपुरतं चित्रीकरण करायचं आणि एका छोट्या कोंदट खोलीत वॉल्ट डिस्नेसमोर लावायचं. त्या खोलीला तिथे ‘स्वेटबॉक्स’च म्हणत. तिथे पास झालं की रेषा साफ करायच्या, मग सेलवर, म्हणजे पातळ पारदर्शक फिल्मवर, शाई, मग मागून रंग, मग कॅमेरा. रंगापर्यंत पोचलेला कागद म्हणजे दहावी पास झालेलं पोर. सुपाचं दृश्य पेन्सिलीतच नापास झालं. म्हणून रंग नाही. तुझं ‘रंगच दिला नव्हता’ हे अक्षरशः तांत्रिक वर्णन होतं रे.

दृश्य वाईट म्हणून काढलं नाही, हे विशेष. कथा रेंगाळते म्हणून काढलं. तिकडे राणी विष कालवणार, आणि इकडे आपण चमचा शोधतोय. वॉल्टचं बरोबरच होतं, चडफडत कबूल करतो. हिमगौरीसाठी बुटके जंगलातल्या प्राण्यांना हाताशी घेऊन पलंग बनवतात असंही एक दृश्य होतं, तेही त्याच कात्रीत गेलं. १९३७ च्या २१ डिसेंबरला सिनेमा पडद्यावर आला तेव्हा ८३ मिनिटांत किंबॉलचं म्हणण्यासारखं काय उरलं होतं? म्हातारीच्या मागावर असलेली ती गिधाडं. आणि एक गंमत. स्टुडिओत विनोद सुचवणाऱ्याला पाच डॉलर मिळायचे, आणि पलंगाच्या कठड्यावरून बुटक्यांची नाकं एकेक करून वर येतात ना, ती त्याची कल्पना. म्हणजे महिनोन् महिने राबून काढलेलं सूप गेलं, आणि चुटकीसरशी सुचलेली नाकं अजरामर. नोकरीत मला हे रोज भेटतं.

किंबॉल इतका खचला की राजीनामा द्यायला वॉल्टच्या खोलीत गेला. बाहेर आला तो पुढच्या सिनेमातल्या, म्हणजे ‘पिनोकिओ’तल्या, जिमिनी क्रिकेट या किड्याचं काम घेऊन. काय बोलला असेल तो माणूस आत! मला तसं बोलता येत नाही म्हणून तर पत्राची ही चौथी प्रत.

कारण सूप हा मुद्दाच नाही, बाळा. आठवीतलं सूक्ष्मदर्शक आहे.

आपण यावर कधी बोललो नाही. तू काढलं नाहीस, आणि मी काढण्याचा प्रश्नच नव्हता. प्रयोगशाळेत ते फुटलेलं सापडलं आणि शेवटचा आत गेलेला तू. तू म्हणालास, “मी गेलो तेव्हा ते खालीच पडलं होतं.” सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. “तू याचा जिगरी ना? तू सांग. खरं बोलतोय का हा?” मला अजून त्या बाकाची कड हाताला लागते. मी ‘माहीत नाही’ म्हणू शकलो असतो. ‘हो’ही म्हणू शकलो असतो. मी म्हणालो, “सर, तो सुपाचंही असंच सांगत होता.”

वर्ग फुटला. सरही हसले, म्हणाले, जात्यातले रडतात, सुपातले हसतात. भाषेचे शिक्षक नव्हते तरी. तू वर्गाबाहेर उभा, आठवडाभर, मग तुझ्या बाबांना बोलावणं आणि ते भरून देणं. बाबा ऑफिसच्या कपड्यांत आले होते. व्हरांड्यातून जाताना माझ्याकडे बघून हसले, ‘अभ्यास चाललाय ना?’ म्हणाले. ते फोडलंस की नाही, हे मी आजही विचारत नाहीये. तेव्हाच्या माझ्या साक्षीला जो आधार होता तो मुळात खोटा होता, एवढंच सांगतोय. म्हणजे आधार खरा असता तर साक्ष बरी ठरली असती, असंही नाही. बघ, लिहायला गेलं की असं घसरतं.

तू दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारीच बसलास. डबाही उघडलास. मला वाटलं, मिटलं. इतकी वर्षं मला तसंच वाटत होतं. आता वाटतं, तेव्हापासून तू मला बघितलेलं, ऐकलेलं काही सांगणंच बंद केलंस. प्रवासाला जाऊन आलास की म्हणतोस ‘बरं झालं’. तुझा अपघात झाला तेव्हाही मला दुसऱ्यांकडून कळलं. माझी शंका खरी आहे की हेही मी आता रंगवतोय? ‘रंगवतोय’ म्हणू नये खरं तर.

आणि मी थांबलो का? तुझ्या लग्नात माईक हातात आला तर पहिली गोष्ट सुपाची. वहिनी हसल्या, त्यांच्याकडचे हसले. तुझी लेक पाच वर्षांची असताना तिला मांडीवर घेऊन तीच गोष्ट. परवा आपल्या जुन्या ग्रुपवर तू कुठलीशी बातमी टाकलीस, तर खाली तीन जणांनी नुसतं ‘सूप’ लिहिलं. तू हसरा चेहरा टाकलास. मी मोजून पाहिलं, सहसा तू दोन टाकतोस.

आता प्रश्न असा की हे ग्रुपवर सांगायचं का. पहिला विचार तोच आला, दृश्य टाकायचं आणि खाली ‘माफ कर मित्रा’. मग काय होईल ते डोळ्यांसमोर आलं. शंभर हसरे चेहरे, कुणीतरी ‘अखेर सूप वाजलं’ म्हणणार, आणि तू पुन्हा एकदा सूप्या, या वेळी सन्मानानं. आणि न सांगावं तर तू खोटारडाच राहतोस, माझ्या सोयीनं. सूक्ष्मदर्शकाचं तर कुणाला आठवतही नसेल. त्यांना आठवत नाही म्हणून सोडून द्यावं? की तुला आठवतं म्हणून काढावं? की तूही विसरला आहेस आणि मीच नव्यानं रुतवतोय? तुझ्या बाबांना सांगायला उशीर झाला, त्याचं तर काही करता येणार नाही. तूच ठरव. मी ग्रुपवर काही टाकलेलं नाही. धाकट्यालाही ‘शाळेत सांगू नकोस’ असं बजावलंय, त्यानं कारण विचारलं, मी औषध दिलं.

बाकी, वहिनींची बदली रद्द झाली का? नव्या घराच्या गळतीचं काय झालं? लेकीचं दहावीचं वर्ष ना, तिला ताण देऊ नका, आपण काय दिवे लावले होते. चष्मा लागला म्हणे तुला, बरं झालं. ताईला नमस्कार. तिच्या लग्नाची कॅसेट जपून ठेवायला सांग, खाली काय आहे ते तिला माहीत नाही.

सोबत पाकिटात तिकिटांचं पुस्तक आहे. हंगेरीचा एक कोपरा दुमडलाय, तो माझ्याकडून. आणि एक पेनड्राइव्ह आहे, त्यात ते दृश्य. फोनवर पाठवलं असतं तर तू ‘बघतो’ म्हणाला असतास. एक कर, एकटा बघू नकोस. लेकीला शेजारी बसव. डोपी चमचा तोंडात घालेल तिथे थांबव, आणि पुढे काय होतं ते तिला आधी तू सांग. साबणासकट. मग चालू कर.

तुझा,
घंटीवाला

ता. क. घंटी मात्र परत मागू नकोस, धाकट्याच्या सायकलला लावलीय.