नीलमण्याच्या खाली कोण राहतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकात हिमालयातल्या एका हिमसरोवराचं उपग्रहावरून टिपलेलं छायाचित्र होतं. खाली ओळ, 'निसर्गाने जडवलेला नीलमणी'. रंग सुरेखच आहे, वाद नाही. पण भूगोल शिकवण्यात हयात गेल्यामुळे असं पाणी दिसलं की माझी नजर आधी त्याचा बांध शोधते. हा बांध म्हणजे हिमोढ: हिमनदीने ढकलत आणलेले दगडगोटे, माती आणि कुठे कुठे मध्येच अडकलेला बर्फ. तो निळा रंगही हिमनदीच्या घासण्यातूनच येतो. खडकाचं पिठासारखं बारीक चूर्ण पाण्यात तरंगत राहतं.

सिक्कीममधलं दक्षिण ल्होनाक सरोवर आठवा. २८ सप्टेंबर २०२३च्या उपग्रहचित्रात ते १६७.४ हेक्टर भरलं. ४ ऑक्टोबरला सकाळी सहाच्या चित्रात उरलं होतं ६०.३ हेक्टर. ३ ऑक्टोबरच्या रात्री हिमोढाचा मोठा भाग सरोवरात कोसळला, लाट उसळली, बांध फुटला आणि खालच्या तीस्ता नदीच्या पुराने चुंगथांगचं धरण धुऊन नेलं. १२०० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प होता तो. पन्नासहून अधिक माणसं गेली, कित्येकांचा पत्ताच लागला नाही. धोका कुणाला ठाऊक नव्हता, असंही नाही. २०१६ मध्येच लडाखचे अभियंते सोनम वांगचुक यांच्या पथकाने पाइप टाकून तिथलं पाणी उतरवायचा प्रयत्न केला होता. वरून सगळं दिसत होतं. खाली झोपलेल्यांना मात्र वेळेवर कुणी उठवलं नाही.

आपला काय संबंध, असं वाटेल. गेल्या मे महिन्यात आम्ही मनालीहून अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला गेलो, तर चहाच्या टपरीवर निम्मी गर्दी मराठी! त्या गावाच्या वरच्या अंगाला, ४०६८ मीटर उंचीवर, घेपांग घाट हिमसरोवर आहे. इस्रोच्या मोजणीनुसार १९८९ मध्ये ते ३६.४९ हेक्टर होतं, २०२२ मध्ये १०१.३० हेक्टर. त्याचं पाणी सिस्सूच्या नाल्यातून चंद्रा नदीला मिळतं. आम्ही त्याच नाल्याकडे पाठ करून फोटो काढले. सहलीच्या माहितीपत्रकात बर्फाचे खेळ, थर्मल कपडे, नाश्त्याचे पदार्थ, सगळं होतं. सरोवराचा उल्लेख नव्हता. वाहनचालकाला विचारलं, तर तो म्हणाला, "ऊपर राजा घेपन हैं, वो देख लेंगे." त्या लाहौल खोऱ्याचं ते दैवत. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण दैवताच्या जोडीला धोक्याचा इशारा देणारा एखादा भोंगा असलेला बरा.

तेव्हा एक विनंती. असं चित्र पुन्हा छापाल, तेव्हा शेजारी त्याच सरोवराचं तीस वर्षांपूर्वीचं चित्र छापा, दोन्हींखाली हेक्टरचे आकडे द्या, आणि 'नीलमणी'च्या जागी पाण्याच्या वाटेवरच्या पहिल्या गावाचं नाव घाला.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक, वाई