अर्धे पाऊल मागे

प्रिय डॉक्टर,

तुमचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ते छापलेले तुम्हाला आवडणार नाही, एवढे तीन महिन्यांत ओळखले आहे. वयाने तुम्ही माझ्या धाकट्या मुलाएवढे आहात आणि त्या वयाच्या मुलांना सूचना करायचीच सवय मला आहे, तेव्हा आभार मानताना कुठे अडखळले तर काकूंना सांभाळून घ्या.

माझे यजमान ७२ वर्षांचे. मधुमेह जुना, त्यात दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. त्यानंतर एका ठिकाणी सांगितले, पूर्ण आराम करा. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, जमेल तेवढे चाला. आणि जमेल तेवढे म्हणजे किती, हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आलेला असे. तिसरे ठिकाण व्यायामशाळा. तिथल्या भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे २२० मधून वय वजा करायचे आणि उरलेल्याच्या ७० टक्के, म्हणजे ह्यांच्या बाबतीत साधारण १०४ ठोके, गाठायचे. नाडी ८८ च्या वर सरकेना, म्हणून तिथला मुलगा ट्रेडमिलचा वेग वाढवत गेला आणि शेवटी हे घेरी येऊन दांडी धरून उभे राहिले. गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करून घेणारे तुम्ही पहिलेच. हृदयासाठी चालू असलेली बीटा ब्लॉकरची गोळी ठोके चढूच देत नाही, त्यामुळे तो तक्ता काकांच्या कामाचा नव्हताच, हे तुम्ही दोन वाक्यांत सांगितले. दोन वाक्यांसाठी आम्ही दोन वर्षे घालवली, याचा राग अजून गेलेला नाही.

पण हे पत्र त्या दोन वाक्यांसाठी नाही. सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीला तुम्ही ३० मीटरचा मोकळा पॅसेज आखला होता. हे निघाले आणि तुम्ही त्यांच्या बरोबरीने नव्हे, तर अर्धे पाऊल मागे चालू लागलात. चौथ्या मिनिटाला हे थांबले, भिंतीला टेकले आणि सवयीने माझ्याकडे अपराध्यासारखे पाहू लागले. तुम्ही घड्याळ थांबवले नाही, घाईही केली नाही. ‘काका, थांबलात तरी चालेल, बरे वाटले की पुन्हा निघा,’ एवढेच म्हणालात आणि तिथेच मागे उभे राहिलात. त्या दिवशी २४६ मीटर झाले. तपासणाऱ्याने पुढे चालले की पेशंट त्याच्या वेगाने ओढला जातो, म्हणून मागे राहायचे, हा चाचणीचा नियमच आहे, असे तुम्ही नंतर सांगितलेत. मान्य. मात्र चाचणी संपल्यावर बाहेर रिक्षापर्यंत सोडायला आलात, तेव्हाही तुम्ही अर्धे पाऊल मागेच होतात, आणि तिथे कुठलाही नियम नव्हता.

मग तुम्ही औषधाच्या चिठ्ठीसारखी व्यायामाची चिठ्ठी लिहून दिलीत. आठवड्यातून ५ दिवस, दिवसातून दोनदा १० मिनिटे चालणे. दमणूक मोजायच्या ६ ते २० च्या बोर्ग मापावर ११ ते १३ वाटेल एवढाच वेग, म्हणजे बोलता यावे पण गाता येऊ नये. हे अधूनमधून खात्री करून घ्यायला खरेच गाऊन पाहतात आणि कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरची माणसे वळून बघतात. इन्सुलिन चालू असल्यामुळे निघण्याआधी साखर १०० च्या खाली दिसली तर आधी काहीतरी खायचे, छातीत जड वाटले तर तिथेच थांबायचे, आणि चालणे संपवताना एकदम न थांबता वेग कमी करत आणायचा, हेही त्याच कागदावर आहे. कागद फ्रिजवर चिकटवला आहे, कोपऱ्यावर हळदीचा डाग पडला आहे. गेल्या महिन्यात पुन्हा चाचणी झाली तेव्हा ३१८ मीटर भरले.

आजारी माणसाशी चांगले वागणे म्हणजे गोड बोलणे, असे मला वाटायचे. गोड तर ते आधीचे सगळेच बोलत होते. माणसाच्या गतीला आपली गती लावून पाहण्याची तसदी कोणी घेतली नव्हती, आणि त्या यादीत मीही येते. परवा सोमेश्वरला गेलो होतो, तेव्हा मी नेहमीप्रमाणे पुढे जाऊन, मागे वळून, ‘या ना लवकर’ म्हटले. हे तिथेच उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘तू मागून ये.’ ते तुमच्याकडून शिकून आले होते. दोन वर्षे मी ह्यांच्या पुढे चालत होते, हे मला त्या क्षणी कळले.

आता मीही अर्धे पाऊल मागे चालते. सोपे जात नाही. माझी चाल मुळातच भरभर आहे.

आपली,
पंचवटीच्या काकू